पाठीमागचं लेबल

तुर्भ्याच्या गोदामात माझं काम सोपं आहे :
बाहेरून आलेल्या पाल्याला मराठी नाव द्यायचं.
पाकिटाच्या पाठीवर, वजनाच्या वर,
मुंगीएवढ्या अक्षरात.

सोमवारी थाइम आलं.
ढवणसाहेब म्हणाले, ओव्यासारखं काहीतरी लिही.
मी चुरगाळून पाहिलं. ओवा नव्हता.
ओवा पोट दुखल्यावर येतो,
हे कुणाचं काहीच दुखत नसताना आलेलं.
लिहिलं : थाइम.
तेवढाच प्रामाणिकपणा जमला.

रोझमेरीला एक अख्खी दुपार दिली.
सुरूच्या झाडाखाली कुणी कापूर सांडावा
आणि उचलायला विसरावं, तसा वास.
एवढं लेबलवर मावत नाही.

डिल म्हणजे आपला शेपूच.
लहानपणी ताटाच्या कडेला सारून ठेवलेला,
आता तीस ग्रॅमच्या बाटलीत, पोलंडहून,
दोनशे पंचाऐंशी रुपये.
आईला फोन केला. ती बराच वेळ हसली.
म्हणाली, तुझ्या वेळी बाळंतशोपा मूठमूठ चावल्यात मी,
म्हणजे तू दुधातूनच पोलंड फिरून आलीस.

बेझिलचं मात्र अडलं.
तुळस लिहावं तर पिझ्झावर कोण टाकणार?
आणि बी बघाल तर सब्जा,
फालुद्यात डोळे वटारून बसलेला, घरचाच.
बी आपलं, पान परकं.
असं एक नातं आमच्याकडेही आहे, धाकट्या काकांचं,
पण ते इथे नको.

मग चीनमधून पोती आली.
लालसर, उकललेली टरफलं, पोटातलं बी काढलेलं.
कागदावर मिरी लिहिलं होतं. मिरी नव्हतीच ती.
बाबली तेलीने पाठीवरचं पोतं टेकवलं,
एक टरफल दाताखाली धरलं
आणि तसाच उभा राहिला, जीभ बधिर होईपर्यंत.
"ह्यां तर तिरफळ!
आये घालता बांगड्याच्या तिकल्यात."
अगदी तेच नव्हतं. मी शोधलं, मावसबहीण निघाली.
पण तोवर अर्धी टोळी टरफलं चावून बसली होती
आणि ट्रकवाल्याशी बोबड्या जिभेने
हमालीचा भाव करत होती.

पारूबाय काडीकचरा निवडते.
तिला वाचता येत नाही, म्हणून तिला फसवता येत नाही.
दालचिनीच्या नावाखाली आलेली जाड साल
ती न हुंगता बाजूला टाकते, नुसत्या मोडण्याच्या आवाजावर.
गुरुवारी फ्रान्सची एक बरणी वाटेत फुटली.
खाऱ्या पाण्यात हिरव्या, मांसल काड्या.
मी लिहून ठेवलं होतं : समुद्रकाठची भाजी, लोणच्यातली.
पारूबायने एक काडी उचलली, पदराला पुसली, खाल्ली.
थांबली.
"मोरशीची कोन लागते रं ही?"
कुणाला विचारलं, कळलं नाही. बरणीलाच बहुतेक.

शुक्रवारी तिने डबा आणला.
मोरस, हरभऱ्याची डाळ, वर चार सोडे.
खाडीच्या अंगाला अजून उगवते म्हणाली, चिखलात,
गुडघाभर जावं लागतं, नि गुडघे आता माझे राहिले नाहीत,
नातू गेला होता.
मी जेवले. हात धुतले. सवयीने
कॉम्प्युटरवर नवं लेबल उघडलं.
नाव : मोरस.
वजन : एक डबा.
उगम : इथे चौकोन लुकलुकत राहिला,
त्याला देशाचं नाव लागतं.
पारूबायला विचारलं, पूर्वी कुठे मिळायची?
तिने मान वळवली, कोल्ड स्टोरेजकडे.
"तं काय, तिसरे दाराचे खाली.
आमचे बांदाला होती."
तिसऱ्या दारातून तेव्हा
थंड वाफेसकट ब्रोकोली बाहेर पडत होती.

उगम मी रिकामाच ठेवला.
कृतीच्या चौकोनात ती सांगेल तसं लिहीत गेले :
कोवळी शेंडं खुडावीत. दोनदा उकळून पाणी टाकावं.
लसूण ठेचावा, चिरू नये.
आणि मीठ किती, विचारलं तर
ती माझ्याकडे बघत राहिली, नव्या सुनेकडे बघावं तशी.
"मीठ नको टाकू गो.
तिचे अंगानच हाय."